यंत्राची किल्ली कुणाच्या हाती? : खानदेशातून पाहिलेला मिनी-संगणकाचा काळ

भारतातल्या संगणकाचा इतिहास लिहायला घेतला की लेखणी मुंबई, हैदराबाद, बंगळूरु, पुणे अशा ठरलेल्या वाटेने चालू लागते. त्या वाटेवर खानदेश लागतो तो एका वाक्यापुरता : 'विप्रो' ही कंपनी मूळची अंमळनेरची. पुढच्याच वाक्यात लेखक बंगळूरुला पोचलेला असतो. प्रस्तुत लेखात त्या एका वाक्यापाशी थोडे थांबायचे आहे. व्यापारी कामासाठीचा मिनी-संगणक आपल्याकडे कसा आला, तो कोलमडला की पुन्हा कोण उभा करी आणि ती विद्या कुणाच्या हाती होती, हे प्रश्न जळगावसारख्या जिल्ह्याच्या गावातून जितके स्पष्ट दिसतात तितके मुंबईतून दिसत नाहीत. मुंबईत दुरुस्तीचा माणूस त्याच दिवशी येऊ शकतो. जळगाव मुंबईपासून चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तिथे तो येईपर्यंत काउंटरपुढे रांग उभी असते.

तेलातून संगणकाकडे

२९ डिसेंबर १९४५ रोजी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड' ही कंपनी नोंदली गेली. संस्थापक महंमद हाशम प्रेमजी. कारखाना तेव्हाच्या पूर्व खानदेश जिल्ह्यातल्या अंमळनेरला. साने गुरुजींची प्रताप हायस्कूलमधली शिक्षकी, प्रताप शेठजींची गिरणी आणि तत्त्वज्ञान मंदिर यांमुळे हे गाव महाराष्ट्राला ठाऊक होतेच. भोवतालच्या काळ्या जमिनीत भुईमूग पिकत होता, त्याचे तेल निघत होते आणि त्या तेलापासून वनस्पती तूप बनवायचे, असा हा सरळ हिशेब होता. तेलाच्या जोडउत्पादनातून '७८७' नावाचा कपडे धुण्याचा साबणही निघू लागला.

१९६६ साली महंमद हाशम यांचे निधन झाले आणि स्टॅनफर्डमधले शिक्षण अर्धवट सोडून एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी परत आले. १९७७ मध्ये कंपनीचे नाव आखडून 'विप्रो प्रॉडक्ट्स' झाले, १९८२ मध्ये नुसते 'विप्रो'. वेस्टर्न, इंडिया आणि प्रॉडक्ट्स या तीन शब्दांच्या आद्याक्षरांतून बनलेले हे नाव. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला याच कंपनीने बंगळूरुमध्ये मिनी-संगणक बनवायला घेतले. 'सिरीज ८६' या तिच्या संगणकाच्या पोटात इंटेलची ८०८६ ही चिप होती. वनस्पती तुपाच्या डब्यावरचे नाव आता कचेरीतल्या हिशेबाच्या यंत्रावर आले.

या कथेत सहसा न सांगितला जाणारा एक तपशील आहे. हे यंत्र बनवण्यासाठी कंपनीला सेंटिनेल या अमेरिकी कंपनीकडून तंत्रज्ञानाचा परवाना घ्यावा लागला. सुटे भाग जोडून, डाग देऊन, पत्र्याच्या पेटीत बसवून यंत्र आपल्या कारखान्यात तयार करता येत होते. पण यंत्राला यंत्रपण देणारी गोष्ट, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, शून्यापासून लिहायची तर तिला तयार माणसांची कित्येक वर्षे लागतात. ती तयार घेणे शहाणपणाचे होते. प्रश्न एवढाच, की घेतलेली प्रणाली आपल्याला पुरती उमजली आहे का?

पेढीवरचा दिवाणजी

ऑपरेटिंग सिस्टिमला पाठ्यपुस्तकात 'परिचालन प्रणाली' म्हणतात. जळगावच्या दाणाबाजारातली जुनी पेढी डोळ्यांपुढे आणली तर ती चटकन कळते. पेढीवर दहा गुमास्ते बसलेले आहेत आणि वह्या मोजक्या आहेत. कुणाला कोणती वही केव्हा द्यायची, एकाच खात्यात दोघांनी एकाच वेळी लिहू नये हे कसे पाहायचे, संध्याकाळी वह्या कोणत्या कप्प्यात ठेवायच्या आणि तिजोरीला कुणी हात लावायचा, हे सगळे दिवाणजी ठरवतो. तो स्वतः एकही व्यवहार करत नाही. पण तो एक दिवस आला नाही तर पेढी उघडत नाही.

मिनी-संगणकात हेच काम प्रणाली करते. 'मिनी' हा शब्द आज फसवा वाटेल. खोली भरून टाकणाऱ्या मेनफ्रेमच्या तुलनेत तो मिनी. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९६५ मध्ये पीडीपी-८ आणि १९७० मध्ये पीडीपी-११ आणला आणि मध्यम आकाराच्या कचेरीला परवडेल असा संगणक जगात रुजला. मधोमध एकच यंत्र, आणि त्याला तारांनी जोडलेले चार, आठ, सोळा टर्मिनल. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक, त्याला स्वतःची बुद्धी नाही. सगळी बुद्धी मधल्या यंत्रात, आणि त्या यंत्राचा दिवाणजी म्हणजे प्रणाली. ती बिघडली की एक टेबल नाही, सगळी कचेरी थांबते.

आयबीएम गेली तेव्हा

प्रणालीवर कुणाचा ताबा आहे, हा प्रश्न देशाला पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पडला तो १९७८ साली. त्याआधी आयबीएमची यंत्रे आपल्याकडे मुख्यतः भाड्याने मिळत. १९५९ मध्ये जाहीर झालेले १४०१ हे यंत्र साठ-सत्तरच्या दशकांत इथल्या मोठ्या संस्थांमध्ये होते. आयुर्विमा महामंडळाने मुंबईत ते आणले. यंत्र कंपनीचे, दुरुस्ती कंपनीची, सुटे भाग कंपनीचे, आणि आत काय चालते ते सांगणारी पुस्तकेही कंपनीची. ग्राहक महिन्याच्या महिन्याला भाडे भरत राही.

१९७३च्या परकी चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना भारतातला आपला हिस्सा कमी करायला सांगितले. आयबीएमने त्याला नकार दिला. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना हा वाद टोकाला गेला आणि १९७८ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. मागे राहिलेली यंत्रे चालू ठेवण्याची जबाबदारी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीवर आली. पुढे ती सीएमसी या नावाने ओळखली गेली. या कंपनीच्या मूळ नावात 'मेंटेनन्स' आहे, 'मॅन्युफॅक्चर' नाही, याकडे इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. यंत्र बनवणारा निघून गेल्यावर ते चालू ठेवणे हे स्वतंत्र शास्त्र आहे, हे त्या नावाने मान्य केले.

देशी यंत्रे त्याआधीही होती. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रातून आलेला 'ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर', म्हणजे टीडीसी-१२, हा १९६९चा. पुढे हैदराबादच्या ईसीआयएलने ही मालिका वाढवली. त्या यंत्रांचा भर प्रयोगशाळांवर होता. १९७८ नंतर खासगी कंपन्यांना मिनी-संगणकाचे दार उघडले, तेव्हा एचसीएल, डीसीएम, ओआरजी आणि मागोमाग विप्रो व्यापारी कचेऱ्यांकडे वळल्या. पण इथे जुनाच पेच नव्या रूपात आला. प्रत्येक यंत्राची प्रणाली वेगळी, एकासाठी लिहिलेला पगारपत्रकाचा किंवा साठ्याचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालत नसे. आधी एका कंपनीच्या दावणीला बांधलेले ग्राहक आता पाच-सहा वेगवेगळ्या दावणींना बांधले जाऊ लागले.

बँका आणि युनिक्स

या पेचातून मार्ग निघाला तो बँकांमुळे. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळातल्या कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध मोठा लढा दिला होता. नोकऱ्या जातील ही भीती बँकांतही होती आणि ती निराधार नव्हती. सप्टेंबर १९८३ मध्ये बँक व्यवस्थापनांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला आणि मर्यादित यांत्रिकीकरणाला मान्यता मिळाली. यंत्रावर बसणाऱ्याला विशेष भत्ता ठरला. याच सुमारास रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे उपगव्हर्नर सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. शाखेत खतावणी लिहिणारी लेजर पोस्टिंग मशीन, विभागीय कार्यालयात मिनी-संगणक, मुख्य कार्यालयात मेनफ्रेम, अशी तीन पायऱ्यांची रचना उभी राहिली. या रचनेतल्या मिनी-संगणकासाठी बँकांनी युनिक्स ही प्रणाली पसंत केली.

युनिक्सचा जन्म १९६९चा, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत. १९७३ मध्ये ती बहुतांशी सी या भाषेत नव्याने लिहिली गेली आणि त्यामुळे एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेता येऊ लागली. तिची मालक एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी. १९५६च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे तिला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हते, म्हणून तिने विद्यापीठांना युनिक्स अल्प किमतीत दिली. एक पिढीच्या पिढी ही प्रणाली आतून वाचत शिकली. बँकांच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की यंत्र एचसीएलचे असो, विप्रोचे असो की ओआरजीचे, प्रणाली युनिक्स असेल तर कर्मचाऱ्याने एकदा शिकलेले वाया जात नाही आणि प्रोग्रामही थोड्या फेरफाराने चालतो. पुरवठादार बदलता येतो. १९७८चा धडा असा सहा वर्षांनी खरेदीच्या अटींमध्ये उतरला.

पुढे शाखांच्या पूर्ण संगणकीकरणाची भाषा सुरू झाली, १९९३ मध्ये कर्मचारी संघटनांशी त्याविषयी नवा करार झाला आणि युनिक्सवर किंवा तिच्या झेनिक्स या भावंडावर चालणारी, अनेक टर्मिनल जोडलेली यंत्रे जिल्ह्याच्या गावांतही पोचली. दिल्ली-मुंबईच्या समित्यांत झालेल्या निवडीची खरी परीक्षा आता होणार होती.

वीज जाते तेव्हा

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र आहे, तरी वीज जाणे खानदेशाला नवे नाही. आणि युनिक्सला सर्वांत जास्त भय कशाचे असेल तर अचानक वीज जाण्याचे.

याचे कारण तिच्या हुशारीतच आहे. चुंबकीय तबकडीवर लिहिणे हे संथ काम. म्हणून प्रणाली प्रत्येक नोंद तत्काळ तबकडीवर लिहीत नाही. ती आधी स्मृतीत ठेवते आणि साधारण दर तीस सेकंदांनी साचलेले सगळे एकदम उतरवते. दिवाणजीने दिवसभराच्या चिठ्ठ्या खिशात ठेवून मधून मधून वहीत चढवाव्यात, तसे हे. वीज गेली की खिशातल्या चिठ्ठ्या नाहीशा होतात. त्याहून वाईट म्हणजे वही अर्धी लिहिलेली राहते. अनुक्रमणिकेत पान आहे पण मजकूर नाही, किंवा मजकूर आहे आणि अनुक्रमणिका त्याला ओळखत नाही.

वीज आल्यावर यंत्र सुरू करताना एफएससीके नावाचा प्रोग्राम ही पडझड तपासतो. मालक न सापडलेले तुकडे तो एका खास कप्प्यात टाकतो. त्या कप्प्याचे नाव 'लॉस्ट+फाउंड'. जत्रेत चुकलेली पोरे आणून बसवायचा तो मंडप. पोर आपले नाव सांगते. या तुकड्यांना मात्र नाव नसते, नुसता क्रमांक असतो, आणि तो कुणाच्या खात्याचा हे जाणत्या माणसाने उघडून ओळखायचे. पडझड प्रणालीच्या स्वतःच्या घरापर्यंत पोचली असेल तर तपासणीनेही भागत नाही. मग प्रणाली पुन्हा बसवावी लागते.

ते काम असे चाले. पाव इंच रुंदीच्या फितीची कॅसेट किंवा सव्वापाच इंची फ्लॉपींचा गठ्ठा कपाटातून निघे. पहिल्या फ्लॉपीवरून यंत्र कसेबसे जागे करायचे. तबकडीचे भाग पाडायचे, प्रत्येक भागावर नवी, कोरी रचना आखायची. मग एकेक फ्लॉपी घालत प्रणाली उतरवायची. झेनिक्स असेल तर अनुक्रमांक आणि सोबतची किल्ली म्हणून दिलेली अक्षरे बिनचूक टाकायची, नाही तर गाडी पुढे सरकत नसे. त्यानंतर किती लोक एकाच वेळी काम करणार, किती फाइली उघडणार, त्या मानाने प्रणालीचा गाभा पुन्हा जुळवायचा. कोणत्या तारेला कोणते टर्मिनल आणि कोणत्या तारेला छपाईयंत्र ते लिहायचे. प्रत्येक कर्मचाऱ्याचे नाव आणि परवलीचा शब्द पुन्हा द्यायचा. यातली एखादी फ्लॉपी बुरशीने किंवा धुळीने वाचली गेली नाही, तर सगळे तिथेच थांबे.

आता यंत्र उभे राहिले, पण ते कोरे आहे. त्यात कुणाचेही खाते नाही.

मंगळवारचा भरणा

समजा, मेहरूणच्या एका बोरविक्रेत्याने मंगळवारी सकाळी अकरा वाजता आपल्या बचत खात्यात दीडशे रुपये भरले. हंगाम चांगला आहे, मेहरूणच्या बोरांना गिऱ्हाईक आहे. दुपारी तीनला वीज गेली आणि प्रणाली कोसळली. ती रात्री पुन्हा बसवली. आता त्याचे खाते कुठून आणायचे?

उत्तर कपाटातल्या फितींत आहे. रोज रात्री सगळ्या खात्यांची नक्कल फितीवर घ्यायची शिस्त होती आणि त्या फिती आलटून पालटून तीन पिढ्यांच्या ठेवायच्या. संगणकाच्या जगात त्यांना आजोबा, बाप आणि मुलगा म्हणत. कालची फीत खराब निघाली तर परवाची, तीही गेली तर तिच्या आधीची. सोमवार रात्रीची फीत चढवली की बोरविक्रेत्याची सोमवारची शिल्लक परत येते. मंगळवारचे दीडशे रुपये मात्र कोणत्याच फितीवर नाहीत.

ते आहेत त्याने स्वतः भरलेल्या स्लिपवर, रोखपालाच्या शिक्क्याखाली. रोखपालाच्या रोख वहीतही आहेत. म्हणून बुधवारी काउंटर उघडण्याआधी मंगळवारच्या सगळ्या स्लिपा, धनादेश आणि व्हाउचर गठ्ठ्यातून काढून एकेक पुन्हा यंत्रात घालायचे, बेरीज रोख वहीशी ताडून पाहायची आणि पैसा न पैसा जुळला की मगच दार उघडायचे. ज्या कारकुनांची जागा यंत्र घेईल अशी भीती होती, त्यांच्याच हातच्या कागदांवरून यंत्राला त्याची आठवण परत मिळत होती. संगणकीकरणाच्या वादात दोन्ही बाजूंनी हे क्वचितच मांडले. व्यवस्थापनाला यंत्राच्या वेगाचे कौतुक होते, संघटनेला नोकरीची काळजी होती. यंत्र कोसळल्यावर बोरविक्रेत्याचे दीडशे रुपये कशामुळे वाचतात, या प्रश्नाचे उत्तर प्रणाली, फीत आणि कागद या तिघांत मिळून होते.

आठवा बिट

पुन्हा बसवलेल्या प्रणालीत आणखी एक गोष्ट हरवण्याचा धोका होता, आणि ती मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याची आहे. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४चा. पण युनिक्स जन्माने इंग्रजी. तिच्या लेखी अक्षर म्हणजे सात बिटांचा आकडा, आणि तेवढ्यात रोमन लिपी, अंक आणि विरामचिन्हेच मावतात.

यावर कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि १९८८ नंतर पुण्याच्या सीडॅकमध्ये वाढलेले 'जिस्ट' हे तंत्र उपयोगी पडले. यातली युक्ती साधी होती. प्रणालीला हात लावायचा नाही. रोमन अक्षरांचे १२८ आकडे जसेच्या तसे ठेवायचे आणि आठवा बिट वापरून मिळणाऱ्या वरच्या १२८ आकड्यांत भारतीय लिप्या बसवायच्या. १९९१ मध्ये ही संकेतप्रणाली 'इस्की' या नावाने भारतीय मानक झाली. जोडाक्षरे घडवण्याची जबाबदारी टर्मिनलची. मधल्या यंत्राला वाटे आपण आकडे हलवतो आहोत, पडद्यावर मात्र देवनागरी उमटे.

अट एकच, की तारेवरून आठही बिट सुखरूप गेले पाहिजेत. युनिक्समध्ये प्रत्येक तारेसाठी तशी मांडणी करता येते. पण प्रणाली नव्याने बसवताना ती करायची राहिली आणि आठवा बिट कापला गेला, तर प्रत्येक अक्षराच्या आकड्यातून १२८ वजा होतात. इस्कीत 'क'चा आकडा १७९. त्यातून १२८ गेले की उरतात ५१, आणि ५१ म्हणजे रोमन लिपीतला तीनचा अंक. याच हिशेबाने 'जळगाव' हा शब्द पडद्यावर अपूर्णविराम, आर, पाच, झेड, टी असा दिसेल. यंत्र बिघडलेले नाही, बेरजा बरोबर आहेत, फक्त गावाचे नाव गेले. हे दुरुस्त करायला ज्याला कारण माहीत आहे त्याला एक ओळ पुरे. ज्याला माहीत नाही त्याच्या लेखी मराठी संगणकावर चालत नाही, आणि असा ग्रह एकदा झाला की अर्ज, पावत्या, याद्या परत इंग्रजीत जायला वेळ लागत नाही.

किल्ली कुठे गेली

नव्वदच्या दशकात वैयक्तिक संगणक इतके स्वस्त आणि समर्थ झाले की मिनी-संगणकाची जात मागे पडली. दोन हजारनंतर बँकांनी कोअर बँकिंग स्वीकारले. खाती शाखेतून उचलली गेली आणि दूरच्या माहिती केंद्रात एकत्र आली. यात खातेदाराचा फायदा निर्विवाद आहे. मेहरूणचा माणूस आज देशात कुठूनही पैसे काढतो. वीज गेल्याने त्याची शिल्लक विस्कटत नाही.

मात्र या बदलात जिल्ह्याच्या गावातून एक विद्या उठून गेली, तिची नोंद कुठे झालेली नाही. सुमारे दीड दशक अशा गावांत प्रणाली कोरी तबकडी घेऊन पुन्हा उभी करू शकणारी माणसे तयार होत होती. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या हाती संगणकशास्त्राची पदवी नव्हती. फ्लॉपींचा गठ्ठा, किल्लीची अक्षरे लिहिलेला कागद, टर्मिनलच्या तारांचा हाताने काढलेला नकाशा आणि फितींची नोंदवही, ही त्यांची साधने. ही कागदपत्रे बहुतेक कचेऱ्यांत रद्दीत गेली आहेत. लेजरच्या जुन्या वह्या जतन कराव्यात असे आपल्याला वाटते. त्या वह्यांची जागा घेणारे यंत्र कसे चालवले जाई, हे सांगणारी नोंदवहीही तितकीच दप्तरात ठेवण्याजोगी होती.

यंत्राची मालकी खरेदीच्या पावतीने ठरते असा आपला समज असतो. १९७८ साली देशाला कळले की ते कोसळल्यावर पुन्हा उभे करता येणे ही खरी मालकी. १९८४ नंतर बँकांनी ते अमलात आणले. अंमळनेरच्या तेलाच्या कारखान्यातून निघालेल्या कंपनीचा पुढचा प्रवासही यंत्रे विकण्यापेक्षा प्रणाली जाणणारी माणसे घडवण्यावरच उभा राहिला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जळगावच्या पेठेत आजही काही पेढ्यांवर लाल वही पुजली जाते आणि जुन्या वहीतली बाकी नवीत ओढली जाते. शेजारी संगणकही पुजलेला असतो. त्यातली बाकी गरज पडली तर आपल्याच गावात, आपल्याच माणसांकडून पुढे ओढता येईल का, हे प्रत्येक पेढीने, पतसंस्थेने आणि ग्रामपंचायतीने एकदा विचारून पाहायला हवे.